वाचकांचे प्रश्न : सुपरहिरो कॉमिक्स, वाचायची की जमवायची?

सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्या आणि जमवणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून या वेळच्या सदरात घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट ‘या अंकांची किंमत किती येईल?’ या वाक्याने झाला आहे. पैशांविषयीची माझी मते पुढे ओघात येतीलच. प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत.

गावच्या घराच्या माळ्यावर वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा गठ्ठा मिळाला. बहुतेक अंक वेताळाचे आहेत. वेताळाला सुपरहिरो म्हणता येईल का? आणि या अंकांना काही मोल आहे का? — एक वाचक, वाई

वेताळाच्या (इंग्रजीतल्या ‘फँटम’च्या) अंगी अद्भुत शक्ती एकही नाही. तो उडत नाही, गोळी लागली तर जखमी होतो, आणि बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो एवढ्यामुळेच जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो या वंशातील एकविसावा. तरीही अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवटा, मुखवट्याआड न दिसणारी बुबुळे, गुप्त गुहा आणि कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ हा सगळा सरंजाम ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झालेल्या चित्रमालिकेत उभा केला, तेव्हा सुपरमॅनच्या जन्माला अजून दोन वर्षे होती. शक्तीच्या कसोटीवर वेताळ सुपरहिरो ठरणार नाही. पण पोशाखाच्या आणि रिवाजाच्या कसोटीवर तो त्या घराण्यातला थोरला आहे, असे माझे मत आहे.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद झाले. इंग्रजीसह मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत मिळून या मालिकेने दोन पिढ्यांना मुखवट्याच्या नायकांची गोडी लावली. मूळ मालिका रोजच्या वृत्तपत्रातील पट्टीच्या आणि रविवारच्या पानाच्या मापाने रेखाटलेली असे. ती अंकाच्या ठरावीक पानांत बसवताना काही चौकटी कापल्या गेल्या, तर काही गाळल्या गेल्या. वेताळाचा ‘बंगाला’ हा देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला. अनेक मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी इथे नव्याने रंगवली, आणि ती मूळ अमेरिकी मालिकेत कुठेही सापडत नाहीत. म्हणजे तुमच्या ट्रंकेतील अंक ही परदेशी मालाची नुसती नक्कल नव्हे. चित्र अमेरिकेतले, काटछाट आणि मुखपृष्ठ भारतातले, आणि संवादाच्या फुग्यांतली भाषा मराठी, असा तो स्वतंत्र ऐवज आहे.

गठ्ठ्यात भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला तरुण कुठे दिसतो का, हेही पाहावे. तो बहादूर. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये त्याला जन्म दिला आणि गोविंद ब्रह्मानिया यांनी त्याला रेखाटले. फॉकच्या नायकांच्या जोडीला ‘इंद्रजाल’ने उभा केलेला हा देशी नायक चंबळच्या दरोडेखोरांशी लढत असे, आणि त्याच्या गोष्टींत सत्तरीच्या दशकातला भारत जेवढा दिसतो तेवढा वेताळाच्या जंगलात अर्थातच दिसत नाही.

आता मोलाविषयी. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची भावसूची निघते आणि व्यापारी ती समोर ठेवून बोलतात. मराठी ‘इंद्रजाल’साठी तसा मान्य भाव नाही. सुरुवातीच्या वर्षांचे, सर्व पाने शाबूत असलेले, पाठीमागचे मुखपृष्ठ न फाटलेले अंक हौशी लोक चांगली किंमत देऊन घेतात, आणि नेमका कोणता अंक कोणाच्या संग्रहात कमी आहे यावर ती किंमत वरखाली होते. तेव्हा आधी प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना, वर्ष, कथेचे नाव आणि अवस्था अशी यादी वहीत उतरवून काढावी. यादी नसलेला गठ्ठा विकायला काढला, तर तो घेणारा माणूस त्याला रद्दीच्याच नजरेने पाहतो.

मला चित्रपटांमुळे मार्वल आणि डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांची ओळख झाली. आता मूळ कॉमिक्स वाचायची आहेत. पण हजारो अंक आहेत आणि त्यांचे क्रमांकही पुन्हा पुन्हा एकपासून सुरू होतात. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, नाशिक

पहिल्या अंकापासून क्रमाने सगळे वाचण्याचा संकल्प सोडून द्यावा. तो कोणाचाच तडीस जात नाही. नवा अंक एक म्हणजे नवे गिऱ्हाईक, या हिशेबाने प्रकाशक क्रमांक बदलतात आणि कथेशी त्याचा संबंध फार थोडा असतो. आपण नायकाचे नाव पाहून अंक घेतो, हीच खरी अडचण आहे. बॅटमॅन हे पात्र १९३९ पासून शेकडो हातांतून गेले आहे आणि त्यातले सगळे हात सारख्या ताकदीचे नाहीत. लेखक आणि चित्रकार यांची जोडी पाहून अंक निवडावा.

फ्रँक मिलर आणि डेव्हिड माझुकेली यांनी १९८७ मध्ये बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची चार अंकांची कथा केली. ती पुस्तकरूपात सहज मिळते आणि आधीचे काही ठाऊक नसले तरी समजते. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांची २००५ ते २००८ या काळातील बारा अंकांची सुपरमॅन मालिका तर पहिल्याच पानावर चार चौकटींत त्याची जन्मकथा उरकून पुढे निघते. ज्याला सुपरमॅन भाबडा वाटतो त्याला मी नेहमी हीच मालिका वाचायला देतो. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ (१९८६–८७) मात्र पहिल्यांदा घेऊ नये. ती या प्रकाराची उलटतपासणी आहे, आणि साक्षीदाराची जबानीच ऐकली नसेल तर उलटतपासणीत गंमत येत नाही.

जुन्याची आवड असेल तर स्पायडर-मॅनच्या स्वतंत्र मासिकाचे १९६३ ते १९६६ मधले पहिले अडतीस अंक घ्यावेत. संवाद स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिटको यांची, आणि पुढच्या काळात कथानकाची आखणीही डिटको यांचीच. त्यांतल्या तेहतिसाव्या अंकाची (फेब्रुवारी १९६६) सुरुवातीची पाने चित्रकथा कशी वाचावी हे शिकवतात. पाण्याखालच्या अड्ड्यात एका अजस्र यंत्राखाली स्पायडर-मॅन अडकला आहे, छतातून पाणी गळते आहे, आणि मरणपंथाला लागलेल्या मे काकूंसाठी हवे असलेले औषध समोरच, हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर पडले आहे. गोष्ट म्हणून घडते ते एवढेच, की तो यंत्र उचलतो. पण डिटको त्यासाठी पानामागून पान खर्च करतात. आधी चौकटी लहान, त्यांत वाकलेली पाठ, बोटे, मुखवट्याखाली आवळलेला जबडा. मग चौकटी हळूहळू वाढत जातात, आणि शेवटी पूर्ण पानभर एकच चित्र येते, ज्यात यंत्र त्याच्या डोक्यावर उचललेले असते. वजन चौकटींच्या मापातून आपल्याला जाणवते. संवादांचे फुगे झाकून ही पाने एकदा पाहावीत आणि मग फुग्यांसकट पुन्हा वाचावीत. हा परिणाम पडद्यावर साधत नाही, कारण तिथे चौकट एकाच मापाची असते आणि वेळ आपल्या हातात नसतो.

चित्रकाराकडे पाहण्याचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क प्रकाशक कंपनीला १३० डॉलरना दिले. पुढे कंपनीने अमाप पैसा मिळवला आणि या दोघांना सन्मानाचा उल्लेख व निवृत्तिवेतन मिळायला १९७५ साल उजाडले. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेले बिल फिंगर १९७४ मध्ये गेले आणि त्यांचे नाव अधिकृतपणे झळकले ते २०१५ मध्ये. वाचकाने निदान श्रेयनामावलीचा चौकोन न वाचता पान उलटू नये.

माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो प्रत्येक नव्या अंकाच्या वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या तीन-चार प्रती मागवतो आणि पाकीट न उघडता ठेवून देतो. ‘वीस वर्षांनी यातून फ्लॅट होईल’ असे तो म्हणतो. हे खरे आहे का? — एक पालक, पिंपरी-चिंचवड

खरे नाही, आणि का नाही ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तुमचे चिरंजीव ज्या बातम्या वाचून हे बोलत असतील त्या बातम्या मात्र खऱ्या आहेत. सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना विकला गेला; २०२४ मध्ये त्याच अंकाची दुसरी एक प्रत ६० लाख डॉलरना गेली. स्पायडर-मॅनचे पहिले दर्शन असलेल्या, ऑगस्ट १९६२ च्या अंकाची उत्तम प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना गेली. मूळ किंमत पहिल्याची दहा सेंट आणि दुसऱ्याची बारा सेंट होती.

पण या किमती आल्या कुठून? १९३८ मध्ये दहा सेंटची ती वस्तू कोणीही जपून ठेवली नाही. मुलांनी ती वाचली, घडी घालून खिशात कोंबली, मित्राला दिली. आयांनी फेकून दिली. महायुद्धाच्या काळात शाळाशाळांतून रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. वृत्तपत्रविक्रेते न खपलेल्या अंकांच्या मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून परत पाठवत आणि पैसे वळते करून घेत. उरलेला अंक नष्ट करायचा अशी रीत होती. त्या पहिल्या अंकाच्या छापलेल्या लाखांहून अधिक प्रतींपैकी आज सुमारे शंभरच शिल्लक असाव्यात, असे जाणकार मानतात. कोणीही किंमत न दिल्यामुळे त्या वस्तूला किंमत आली.

नव्वदीच्या दशकात अमेरिकेतल्या हजारो लोकांनी नेमका तुमच्या मुलासारखाच हिशेब मांडला होता. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक निघाला, त्याची मुखपृष्ठे पाच, चार एकमेकांशेजारी ठेवली की एक लांबलचक चित्र तयार होई आणि पाचव्यात ते सगळे चित्र घडीत सामावलेले. लोकांनी पाचही घेतली, शिवाय ‘ठेवायला’ म्हणून आणखी घेतली. अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद करून विकायला आला. पाकिटात दंडावर बांधायची काळी फीतसुद्धा होती. दुकानांबाहेर रांगा लागल्या. बहुतेकांनी पाकीट उघडलेच नाही, म्हणजे सुपरमॅन मेला कसा हे त्यांनी वाचलेच नाही. (तो वर्षभरात परतला, हे निराळे.) आज यातला कुठलाही अंक, पाकीट शाबूत असले तरी, किरकोळ किमतीला मिळतो, कारण ज्याला तो हवा आहे त्याच्याकडे तो आहेच, आणि त्याच्या शेजाऱ्याकडेही आहे.

त्या काळात फक्त कॉमिक्स विकणाऱ्या खास दुकानांना न खपलेले अंक परत करता येत नसत, कारण सत्तरीच्या दशकापासून रूढ झालेल्या व्यवस्थेत जास्त सवलतीच्या बदल्यात परतीचा हक्क सोडावा लागे. हौस ओसरली तेव्हा माल दुकानदारांच्या गळ्यात राहिला, दुकाने भराभर बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ठेवण्यासाठी म्हणून विकत घेतलेली वस्तू सगळेच जपतात, आणि सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या चार प्रती घेऊन एकही न वाचण्यापेक्षा एक प्रत घेऊन ती उघडावी आणि उरलेल्या पैशांत त्याच लेखकाचे आधीचे एखादे संकलन घ्यावे, असे त्याला सांगा. ऐकेल असे नाही. माझी स्वतःची पुतणी याच वयाची आहे आणि तीही ऐकत नाही.

एका गृहस्थांकडे १९३८ चा सुपरमॅनचा मूळ अंक आहे आणि ते तो दोन लाखांना द्यायला तयार आहेत. घ्यावा का? — एक वाचक, नागपूर

घेऊ नये. डीसीने १९७४ मध्ये त्या अंकाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती आणि तिच्यावर पुनर्मुद्रण असल्याचे सांगणारे जाड, वेगळे मुखपृष्ठ होते. ते काढून टाकले की आत मूळ मुखपृष्ठ, दहा सेंट ही किंमत, जून १९३८ ही तारीख आणि जुन्या जाहिराती हे सगळे जसेच्या तसे मिळते, आणि याच आवृत्तीने आजवर बरेच लोक फसले आहेत. फरक मापाचा आहे. मूळ अंक सुमारे साडेदहा इंच उंच, तर पुनर्मुद्रण साडेतेरा इंचांच्या आसपास. फूटपट्टी घेऊन जा. अंक लहान मापाचा निघाला तरी कागदाची तपासणी आणि श्रेणी एखाद्या मान्य संस्थेकडून करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खऱ्या अंकाचा मालक दोन लाखांना तो देणारच नाही, हे तर आहेच.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कॉमिक्सना कसर लागली आहे, पिना गंजल्या आहेत आणि पाने पिवळी पडत आहेत. उपाय सांगावा. — एक वाचक, रत्नागिरी

पिवळेपणा कागदाच्या रक्तातच आहे. स्वस्त वृत्तपत्री कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते. हवा, उष्णता आणि विशेषतः उजेड लागला की ते रंग बदलते आणि कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो. हा पिवळेपणा थांबवता येत नाही, फक्त त्याची गती कमी करता येते. झालेला पिवळेपणा घालवणारी घरगुती युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये.

ओल हा मुख्य शत्रू समजून अंक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातून काढावेत आणि आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावेत. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पिशवीत, पाठीला आम्लरहित पुठ्ठा लावून, उभा ठेवावा. आडवे रचले की खालच्या अंकांचे कणे दबतात. कापडदुकानात मिळणाऱ्या, उग्र वासाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. डांबरगोळ्यांचा वास कागदात असा मुरतो की पुढे अंक उघडवत नाही. त्या कपड्यांतच राहू द्याव्यात. भर पावसात पेट्या उघडून अंकांना ‘हवा दाखवू’ नये. ते काम कोरड्या हवेत, दिवाळीनंतर करावे, आणि उन्हात नव्हे, सावलीत.

कसर लागलेले अंक आधी बाकीच्यांपासून वेगळे करावेत. ते हवाबंद पिशवीत घालून, पिशवीतली हवा शक्य तेवढी काढून, घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवले की किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाहीतर कागदावर दव धरते. गंजलेल्या पिना स्वतः उपटू नयेत, कारण पिनेभोवतीचा कागद आधीच कुजलेला असतो आणि पिनेबरोबर तोही निघून येतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि मुखपृष्ठाचे लॅमिनेशन तर मुळीच करून घेऊ नये. आपल्याकडे रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे लॅमिनेट करण्याची हौस आहे. कॉमिक्स तिच्यातून वाचलेली बरी.

आजोबांनी ‘इंद्रजाल’चे अंक वर्षावर्षाने बांधून घेतले होते. खंडाच्या कडा कापलेल्या आहेत आणि पहिल्या पानांवर त्यांची सही व अनुक्रमांक आहे. जमवणारे म्हणतात की बांधणीमुळे किंमत गेली. खंड सोडवून अंक सुटे करावेत का? — एक वाचक, सोलापूर

करू नयेत. बांधणीवाल्याने कटिंग मशिनवर तिन्ही बाजू कापल्या तेव्हा गेलेला कागद परत येणार नाही, आणि शिलाई उसवताना कण्याजवळची पाने फाटतील ते नुकसान वेगळेच. सुटा केलेला अंक बाजारात ‘कापलेला’ म्हणूनच ओळखला जाईल. त्या काळी अंक बांधून घेणे ही चांगल्या वाचकाची रीत होती. घरातली आणि शेजारची मुले खंड नेत, परत आणत, आणि पुठ्ठ्याच्या बांधणीमुळेच ते एवढ्या हातांतून टिकले. सुटे अंक जमवणाऱ्यांची गाठ कधी पडली, तर खंडांतील अंकांची यादी मात्र त्यांना जरूर द्यावी: क्रमवार, मधला एकही अंक न गळलेली वर्षे दुर्मीळ असतात आणि कोणत्या क्रमांकाचे मुखपृष्ठ कसे होते हे ताडून पाहण्यासाठी असे खंड फार उपयोगी पडतात. सहीचे पान खोडू नये किंवा काढूही नये. बांधणी सैल झाली असेल तर जुने पुठ्ठे टाकून न देता तेच पुन्हा वापरायला सांगून, कापडी कणा लावून दुरुस्त करून घ्यावी, आणि या खेपेला कडा कापायच्या नाहीत हे बांधणीवाल्याला काम देतानाच बजावावे.